वाघ पाहिला, डबा खाल्ला, घरी आलो

'माझी अविस्मरणीय सहल' हा निबंध मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलेला आहे. सहल प्राणिसंग्रहालयाची असेल तर मजकूर ठरलेला. सकाळी लवकर उठलो. बसमध्ये भेंड्या खेळलो. वाघ पाहिला, सिंह पाहिला, माकडांच्या गमती पाहिल्या. झाडाखाली डबे खाल्ले. संध्याकाळी दमून घरी आलो. खूप मजा आली. दहापैकी आठ मार्क.

या निबंधातले प्राणी काढा आणि त्यांच्या जागी जत्रेतले पाळणे घाला. काहीच बिघडत नाही. मुलाचा यात दोष नाही. त्याने जे पाहिलं तेच लिहिलं. त्याला प्राणी दाखवलेच नव्हते, पिंजऱ्यांची रांग दाखवली होती.

हा लेख त्या रांगेबद्दल आहे. वाचणाऱ्यांपैकी अनेक जण अजून आईबाप नसतील, पण मामा, मावशी, आत्या, काका नक्की असतील. सुट्टीत 'जरा पोरांना झूला फिरवून आण' हे काम घरात तुमच्याच गळ्यात पडतं. म्हणून हे तुमच्याशीच बोलायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आपण मुलांना ज्या पद्धतीने प्राणिसंग्रहालयात नेतो, त्यातून ती प्राण्यांबद्दल काही शिकत नाहीत. उलट काही गोष्टी चुकीच्या शिकतात, आणि त्या पक्क्या बसतात. तरीही झू बंद करा असं मी म्हणणार नाही. नीट वापरा असं म्हणणार आहे, आणि ते बंद करण्यापेक्षा कठीण आहे.

रविवारी तिथे काय शिकवलं जातं

कुठल्याही मोठ्या प्राणिसंग्रहालयात रविवारी दुपारी जा. बिबट्या सावलीत झोपलेला असतो. रात्री हिंडणारा प्राणी भर उन्हात झोपणारच. कठड्याला टेकलेले एक बाबा शिट्टी मारतात. मग टाळ्या. मग 'ए उठ रे!' बाबांच्या खांद्यावरचं तीन वर्षांचं पोर तेच करतं. बिबट्याने एक कान हलवला की सगळे खूश. नाही हलवला तर 'बोअर आहे, चला पुढे.' या दोन मिनिटांत पोराला एक संपूर्ण धडा मिळालेला असतो: प्राणी माझ्यासाठी आहे, तो काही करत नसेल तर त्याला करायला लावायचं, आणि तरीही केलं नाही तर तो टाकाऊ आहे.

हे फक्त असभ्य नाही, बेकायदेशीर आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मधलं कलम 38 जे स्पष्ट सांगतं की प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं किंवा तिथे कचरा टाकणं यांना मनाई आहे. दारावर तसा फलक असतो. पण तो फलक वाचून दाखवणारे मामा मी फारसे पाहिलेले नाहीत. त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढणारे मात्र खूप.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. झूमध्ये प्रत्येक प्राणी वेगळ्या खोलीत असतो. इथे चितळ, तिथे वानर, पलीकडे वाघ. प्रत्यक्षात मध्य भारताच्या जंगलात वानरं झाडावर बसून पाला, फळं खाली टाकतात आणि चितळं त्यांच्या मागे मागे फिरतात. वानराला उंचावरून दिसतं, चितळाला वास येतो. वाघाची चाहूल लागली की एकाच्या इशाऱ्यावर दुसरा सावध होतो. चितळ म्हणजे काय हे या संबंधांशिवाय सांगताच येत नाही. पिंजऱ्यांच्या रांगेत हे सगळे संबंध तुटतात. मूल प्राण्यांची नामं शिकतं, क्रियापदं शिकत नाही. आणि क्रियापदांशिवाय वाक्य होत नाही, हे आपल्याला तिसरीत शिकवलं होतं.

आणि नामं तरी कुठे?

बरं, नामं तरी नीट शिकतात का? चितळ हरिण, सांबर हरिण, काळवीट हरिण, नीलगायही हरिण. मोठं असेल तर 'रेनडिअर'. गव्याला 'बायसन' म्हणायचं, कारण इंग्रजी माध्यमाच्या पोराला तेच कळतं म्हणे.

आता काळवीट आणि चितळ यांच्या कुंपणांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांचं असतं. तेवढ्या अंतरात एक उत्तम धडा पडलेला आहे. चितळाच्या नराची शिंगं फांद्यांसारखी फुटलेली असतात, ती हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. काळविटाची शिंगं पिळाची असतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत, आत हाड आणि वर नखासारखं कठीण आवरण असतं, आणि ती आयुष्यभर टिकतात. पहिलं हरिण, दुसरं कुरंग. सहा वर्षांच्या मुलीला हे कळतं का? नक्की कळतं. तिला फक्त विचारायचं, 'या दोघांच्या शिंगांत काय वेगळं दिसतंय?' ती सांगेल. तिला दुधाचे दात पडणं नुकतंच माहीत झालेलं असतं. शिंगं पडतात हे ऐकून तिचे डोळे कसे होतात ते बघा.

कोल्ह्याचं बघा. गोष्टीतला लबाड कोल्हा, द्राक्षं आंबट म्हणणारा, तो मूळ कथेत फॉक्स आहे. आपल्याकडे फॉक्सला खोकड म्हणतात. कोल्हा म्हणजे जॅकल. भाषांतर करणाऱ्यांनी सोयीसाठी कोल्हा केला, ते ठीकच. पण आज खोकड हा शब्दच शहरातल्या मुलांच्या कानावर पडत नाही, आणि शब्द गेला की तो प्राणी वेगळा आहे हे कळण्याची शक्यताही जाते. तरसाचं तर फारच वाईट झालं. मुलांना तरस माहीत आहे ते 'द लायन किंग'मधलं, टोळीने हसत हिंडणारं, खलनायकाचं नोकर. ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस. आपलं तरस पट्ट्यांचं, बहुतेकदा एकटं हिंडणारं. मेलेली गुरं खाऊन माळरान साफ ठेवणं हे त्याचं मोठं काम. ते दिसलं की मुलं 'ईईई' करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर जंगलात राहणाऱ्या माणसांकडून शब्द गोळा केले. भेकर, साळिंदर, उदमांजर, खवल्या मांजर, शेकरू, चौशिंगा. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पण आपण काय करतो? पिंजऱ्यासमोर उभं राहून म्हणतो, 'बघ बेटा, स्क्विरल!' एवढी श्रीमंत भाषा घरात असताना पोराला एका शब्दावर वाटेला लावायचं, हा कंजूषपणा आहे.

'मुलांना मजा येते ना, मग झालं'

हा पहिला आक्षेप येणारच. सगळ्याचं शिक्षण कशाला करता? एक दिवस तरी पोरांना हुंदडू द्या.

हुंदडू द्या की. त्यासाठी बागा आहेत, मैदानं आहेत, समुद्रकिनारे आहेत. त्यासाठी एका जिवंत प्राण्याला आयुष्यभर बंदिस्त ठेवायची गरज नाही. प्राणिसंग्रहालयाचं अस्तित्व ज्या एका कारणाने समर्थनीय ठरू शकतं, ते कारण करमणूक नाही. हे माझं मत नाही, सरकारचं धोरण आहे. 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. 1998 च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणात संवर्धनाला हातभार लावणं हा मुख्य उद्देश सांगितला आहे. लोकांच्या मनात प्राण्यांविषयी समज आणि आस्था निर्माण करणं हा त्याचाच भाग. म्हणजे तो बिबट्या तिथे आहे, त्याची किंमत तो रोज मोजतो आहे, आणि त्या किमतीच्या बदल्यात तुमच्या भाच्याला काहीतरी समजावं असा हा सौदा आहे. भाच्याला काही समजलं नाही तर बिबट्याची किंमत फुकट गेली.

आणि मजा व समज यांत वैर आहे हे कुणी ठरवलं? शिंगं गळतात हे कळणं मजेचं नाही?

'मग बंदच करून टाका'

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. प्राणिसंग्रहालय हा तुरुंग आहे, तुरुंगात नेऊन मुलांना काय शिकवणार, गुलामी? इन्स्टाग्रामवर हे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. ऑक्सफर्डच्या रोस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 2003 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांसाहारी प्राण्यांपैकी ज्यांचा जंगलातला वावर मोठ्या क्षेत्रावर असतो, त्यांच्यात बंदिवासात येरझारा घालण्याचं आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाण जास्त असतं, असं त्यात दिसलं. ध्रुवीय अस्वल हे त्यातलं ठळक उदाहरण. काही प्राणी पिंजऱ्यात ठेवूच नयेत, हा निष्कर्ष यातून काढता येतो आणि तो मला मान्य आहे.

पण 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आज जे हजारो प्राणी बंदिवासात जन्मले, वाढले, किंवा जखमी होऊन आले, त्यांचं काय? जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे बिबटे आहेत ज्यांना पुन्हा सोडता येत नाही. ते कुठेतरी राहणारच. मग ते जिथे आहेत तिथे आपण कसं वागायचं, हा प्रश्न उरतोच. आणि मुलांच्या बाजूने पाहिलं तर ताडोबाची सफारी किती घरांना परवडते? सफारीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी झू बंद झालं तरी फरक पडणार नाही. घाटकोपरच्या चाळीतल्या मुलीसाठी राणीची बाग हीच जिवंत वन्य प्राणी पाहण्याची जागा आहे. 2017 मध्ये तिथलं तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झालं तेव्हा आरडाओरड झाली, ती याच घरांतून.

तिसरा आक्षेप फोनमधून येतो. यूट्यूबवर फोर-के मध्ये वाघाची शिकार दिसते, मग झोपलेला वाघ बघायला कशाला जायचं? कारण फोनमधल्या वाघाला वजन नसतं आणि वास नसतो. गव्याचा खांदा आपल्या बाबांच्या डोक्याहून उंच आहे हे मापात कळायला त्याच्या समोर उभं राहावं लागतं. वासाचं तर फारच सुंदर आहे. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञाने वाघ हद्द आखण्यासाठी झाडांवर जो फवारा मारतो त्याचा अभ्यास केला, आणि त्यात तोच रेणू सापडला जो बासमती तांदळाला वास देतो. ही गोष्ट सांगून भाचीला विचारा, 'येतोय का वास?' ती पाच मिनिटं नाक वर करून उभी राहील. कदाचित भाताचा वास येईल, बहुधा फक्त घाणच येईल. पण वाघ नाकाने जग वाचतो हे ती विसरणार नाही.

शिवाय फोनमधला वाघ सतत काहीतरी करत असतो. एडिटरने त्याची झोप कापून टाकलेली असते. खरा वाघ दिवसातला मोठा भाग पडून असतो. हे शिकायला कंटाळा सहन करावा लागतो, आणि कंटाळा सहन करणं ही आज मुलांना मिळणारी दुर्मीळ गोष्ट आहे.

बरोबर कोण आहे, यावर सगळं आहे

'नुसतं दाखवलं तरी काहीतरी शिकतातच' ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. एरिक जेन्सन या समाजशास्त्रज्ञाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 7 ते 15 वयाच्या 2,800हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो 2014 मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. पद्धत साधी होती: भेटीआधी आणि भेटीनंतर मुलांना प्राण्यांच्या अधिवासाचं चित्र काढायला सांगायचं आणि दोन चित्रं ताडून बघायची. झूचा शिक्षक बरोबर असलेल्या मुलांपैकी 41 टक्क्यांच्या चित्रात समज वाढलेली दिसली. त्याच्याशिवाय फिरलेल्या मुलांपैकी 34 टक्क्यांच्या. म्हणजे जगातल्या एका नामांकित झूमध्ये, शिक्षक बरोबर असूनही, निम्म्याहून अधिक मुलांच्या समजेत दिसण्याजोगी वाढ झाली नाही. मग आपल्याकडे साठ मुलांमागे दोन शिक्षिका, हातात शिट्टी, आणि 'लाइन मोडू नका'! या सहलीतून काय निष्पन्न होणार?

मुंबईतल्या शाळांची जुनी सहल आठवा. एकाच दिवसात राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि वेळ उरला तर गेटवे. हे शिक्षण नव्हे, हजेरी आहे.

तुम्ही मामा किंवा मावशी असाल तर तुम्हाला साठ मुलं सांभाळायची नाहीत. एक किंवा दोन आहेत. शाळेला जे जमत नाही ते तुम्हाला जमतं. त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी नको. काही सवयी मोडाव्या लागतील.

पहिली सवय: सगळं बघायचं. मोडा ती. एका भेटीत तीन प्राणी, बस्स. कुठले, ते मुलानेच आदल्या दिवशी ठरवायचं, आणि त्याच दिवशी त्यांची घरं कागदावर काढायची. वाघाच्या घरात काय काय असेल? जेन्सनची पद्धत तुमच्या जेवणाच्या टेबलावरही चालते. आठवड्याने पुन्हा चित्र काढायला सांगा. पहिल्या चित्रात वाघ आणि एक झाड असेल. दुसऱ्यात पाणी, गवत, सांबर, माशा आले तर तिकिटाचे पैसे वसूल झाले.

दुसरी सवय: अकरा वाजता निघायचं. दार उघडल्या उघडल्या पोचा. सकाळी गारवा असतो, प्राणी हलतात, गर्दी नसते. आणि बुधवारी जाऊ नका. राणीची बाग आणि पुण्यातलं कात्रजचं प्राणिसंग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात. मुलाने 'का?' विचारलं तर सांगा: आठवड्यातून एक दिवस तरी माणसांपासून सुट्टी मिळावी असा नियम आहे. या एका उत्तरात बरंच काही आहे.

तिसरी सवय, आणि ही मोडायला सगळ्यात अवघड: आपण बोलत राहणं. पिंजऱ्यापाशी पंधरा मिनिटं बसा. माहिती ओतू नका. विचारा. त्याचे डोळे समोर आहेत की बाजूला? समोर असतील तर तो कुणाचा तरी पाठलाग करतो, बाजूला असतील तर त्याला कुणापासून तरी पळायचं असतं. बहुतेकदा हे खरं ठरतं. कान कुठल्या दिशेला वळतात? पंजा मातीत कसा उमटतो? नखं दिसतात का? एवढ्यावर सातआठ वर्षांचं मूल स्वतः अंदाज बांधायला लागतं, आणि तिथून पुढे त्याला तुमची गरज उरत नाही.

चौथी गोष्ट सवय नाही, प्रामाणिकपणा आहे. वाघ किंवा अस्वल कुंपणालगत एकाच वाटेने पुन्हा पुन्हा चालताना दिसेल. तेच वळण, तीच मान, तेच पाऊल. मूल विचारेल, 'हा असा का फिरतोय?' बहुतेक मोठी माणसं सांगतात, 'व्यायाम करतोय', 'आपल्याला बघून खूश झालाय'. खोटं सांगू नका. सांगा की त्याला चालायला लांबच लांब जागा लागते, इथे ती नाही, म्हणून त्याचं मन त्याच वाटेवर अडकलंय. मुलाला वाईट वाटेल. वाटू द्या. प्राण्याबद्दल वाईट वाटणं हेही प्राण्याबद्दल शिकणंच आहे. ज्यांना 'बंद करा' म्हणायचं आहे त्यांनाही हे आवडायला हवं, कारण दहा वर्षांनी हे मूल त्यांच्या बाजूने उभं राहू शकतं.

आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोला. पिंजरा झाडणाऱ्या, खाणं टाकणाऱ्या माणसाला प्रत्येक प्राण्याचा स्वभाव माहीत असतो. कोण रुसतो, कोण आधी कोंबडी खातो, कोण नव्या माणसाला घाबरतो. त्यांना 'ओ भाऊ, वाघ उठवा की' याशिवाय काही ऐकायला मिळत नाही. तुमच्या भाचीने 'काका, हिचं नाव काय?' विचारलं तर ते सवडीने सांगतील.

पेंग्विन आणि पांढरा वाघ

आता थोडं चालवणाऱ्यांबद्दल. 2016 मध्ये राणीच्या बागेत दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक काही महिन्यांत मेला. 2018 च्या स्वातंत्र्यदिनी एक पिल्लू जन्मलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन, ते आठवड्याभरात गेलं. पुढे बाकीचे तगले, वाढले, गर्दी वाढली. यावरून राजकारण भरपूर झालं. पण मूळ प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: मुलांना काय कळलं?

'मादागास्कर' पाहिलेल्या कुठल्याही मुलाला पेंग्विनचं घर काढायला सांगा. बर्फ, इग्लू, शेजारी ध्रुवीय अस्वल. ध्रुवीय अस्वल उत्तर टोकाला, पेंग्विन जवळजवळ सगळे दक्षिण गोलार्धात, ते आधीच वेगळं. पण हम्बोल्ट पेंग्विन तर बर्फात राहतच नाही. तो पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तिथला किनारा वाळवंटी आणि समुद्र गार. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात बीळ करून तो घरटं करतो. ही केवढी भन्नाट गोष्ट आहे! वाळवंटातला पेंग्विन! काचेपुढच्या गर्दीतली किती पोरं हे घेऊन घरी जातात? कोट्यवधी रुपये थंडाव्यावर खर्च करायचे आणि काचेशी उभा राहून ही एक गोष्ट सांगणारा माणूस नेमायचा नाही, याला माझा आक्षेप आहे.

पांढऱ्या वाघाचंही तेच. महाराष्ट्रातल्या काही प्राणिसंग्रहालयांत तो आहे आणि सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याकडे. मुलांना वाटतं ही वाघाची वेगळी, दुर्मीळ जात. तशी ती नाही. तो आपला नेहमीचाच वाघ, एका जनुकातल्या बदलामुळे रंग उतरलेला. 1951 मध्ये रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एका वाघापासून नात्यातल्या नात्यात जोड्या लावून ही वीण वाढवली गेली. अनेक व्यंगं त्यातूनच आली. हे संवर्धन नाही, हौस आहे. हे फलकावर लिहायला फार खर्च येत नाही. पण लिहिलं तर गर्दीचा आकडा कमी होईल, आणि आपल्याकडे झूचं यश त्याच आकड्यावर मोजतात.

म्हणून पालिकेकडे नवे परदेशी प्राणी मागू नका. माणसं मागा. प्रत्येक मोठ्या कुंपणापाशी, निदान शनिवार-रविवारी, मराठीत आणि हिंदीत बोलणारा एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी. आपल्या माळरानाचं एक दालन मागा, ज्यात लांडगा, खोकड, तरस आणि काळवीट यांची गोष्ट एकत्र सांगितलेली असेल. सरकारी कागदांत माळरान 'पडीक' असतं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, आणि तिथला माळढोक आता दिसेनासा झाला आहे. जे मूल माळरानाला 'रिकामी जागा' समजून मोठं होईल, ते त्याबद्दल कधी आवाज उठवणार नाही.

हे सगळं कशासाठी

कुणी म्हणेल, हरिण की कुरंग, खोकड की कोल्हा, फरक काय पडतो? पोराला पुढे इंजिनिअरच व्हायचंय.

फरक पडतो, आणि तो माणसांच्या जिवात मोजावा लागतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर बिबटे राहतात, कडेला लाखो माणसं राहतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसात बिबट्या जन्मतो, उसातच वाढतो. तिथे लहान मुलांचे जीव गेले आहेत. अशी घटना घडली की शहरातून, फोनवरून, एकच मागणी होते: पकडा आणि जंगलात सोडा. ऐकायला शहाणपणाची वाटते. पण विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी बिथरतो, परत फिरतो. अकोले भागातल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा, वजनाने सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा, त्यावर पोसलेली कुत्री आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या हे एकच वाक्य आहे. कचरा उचलणं हा बिबट्यापासून बचावाचा उपाय आहे, हे ज्याला क्रियापदं कळतात त्यालाच सुचेल.

ज्याने लहानपणी बिबट्याला फक्त पिंजऱ्यात, एकटा, शिट्टी मारल्यावर कान हलवणारा म्हणून पाहिलं, त्याच्या लेखी बिबट्याची जागा एकच: पिंजरा. उसात दिसला की तो 'बाहेर आलेला' वाटतो. तो कुठूनही बाहेर आलेला नसतो. तो घरीच असतो. उद्या हीच मुलं मतदार होतील, नगरसेवक होतील, पत्रकार होतील, तहसीलदार होतील. उसाच्या कडेच्या शाळेची भिंत बांधायची की नाही, कुणाच्या वाडीवर दिवे लावायचे, कुठला माळ 'पडीक' म्हणून विकायचा, हे ती ठरवतील. त्यांच्या डोक्यात प्राणी म्हणजे काय, याचं पहिलं चित्र आज तुमच्या बोटाला धरून तयार होतंय.

तेव्हा पुढच्या वेळी घरातून हुकूम आला की नाही म्हणू नका. जा. शिट्टी मारणाऱ्या बाबांना नम्रपणे थांबवा, भाचीच्या देखत थांबवा. कलम पाठ नसलं तरी चालेल. भांडण होईल म्हणून घाबरू नका. 'दादा, तो झोपलाय, झोपू द्या' एवढं म्हणायला धाडस लागत नाही. आणि परत येताना 'मजा आली का?' हा प्रश्न विचारू नका. विचारा, 'तुला काय कळलं नाही?' ती जे सांगेल, त्याचं उत्तर तुम्हालाही बहुधा माहीत नसेल. मग दोघं मिळून शोधा.